रविवारची कानस

"आमच्याकडे रविवारी नुसती सुई हातात घेतली तरी पंचायतीपुढे उभं करतात, आणि पाद्र्याच्या घरात भर प्रार्थनेच्या वेळी कानस चालते, ती मात्र कुणाला ऐकू जात नाही."

सिबिले हे बोलली ते आपल्या कणकेकडे बघून. पण शनिवारी गावच्या भट्टीघरात बायका खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, आणि तिच्या खांद्याला लागलेला खांदा होता रोझिनेचा, म्हणजे खुद्द पाद्रीणबाईंचा. रोझिनेने काही न ऐकल्यासारखं करून आपले राय धान्याचे पाव फळीवर घेतले आणि भट्टीत सरकवले. भट्टीची धग होती म्हणून बरं, तोंड लाल व्हायला कारण मिळालं.

मग सिबिलेने मान वळवली आणि फार गोड आवाजात डोकेदुखीची चौकशी केली. दर रविवारी दुपारीच उठते म्हणे. रोझिने म्हणाली, हवेमुळे असेल.

"हवाच," सिबिले म्हणाली. "आमच्या शेळीलासुद्धा बाधली ना. तिच्यापायी मी घरी राहिले, म्हणून तर ऐकलं."

आणि पाव भाजून निघेपर्यंत दोघी तिथेच उभं राहून हवेबद्दल बोलत होत्या. निघताना सिबिलेने सहज सांगितलं, की तिच्या नवऱ्याने, मेल्खिओर विणकराने, मुखियाकडे तक्रार घातली आहे आणि सोमवारी चर्चपंचायत बसेल. तिच्या मनात काही नाही, पण नियम तो नियम. तो सगळ्यांना सारखा असावा एवढंच.

गरम पावांची टोपली कमरेवर घेऊन रोझिने चढ चढू लागली. द्राक्षाचे मळे उघडेबोडके पडले होते, बर्फ नुसतं कडेकडेला उरलं होतं. चर्चपंचायतीत मधल्या खुर्चीवर कोण बसतो हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचाच नवरा बसतो. रविवारी कोंबडीची पिसं काढणाऱ्या म्हातारीलाही त्याने दंड केला होता, आणि मग तोच दंड स्वतःच्या खिशातून गरिबांच्या पेटीत टाकला होता. लेओनहार्ट हुमेल नियम मोडत नसे. फार झालं तर नियमाच्या पाठीमागून जाऊन त्याची भरपाई करून येई.

दंडाचं तिला काही नव्हतं. पंचायतीत 'कानस का चालवली' असं विचारतील, त्याची तिला धास्ती होती.

कानस चालली होती ती यंत्रासाठी. यंत्र म्हणजे पितळेचा एक गोल डबा, केक भाजायच्या भांड्याएवढा, आणि वर मधोमध मूठ. मूठ फिरवली की आतली दातेरी चाकं फिरतात आणि कडेच्या बारीक खिडक्यांतून आकडे दिसतात. ते बेरीज करतं, वजाबाकी करतं, गुणाकारही करतं. म्हणजे करायला हवं. लेओनहार्टची कित्येक वर्षं त्यात गेली होती, आणि घरातली बरीचशी पातेलीही. माणसाचा जन्म आकडेमोडीत जातो, तो वेळ वाचून देवाला मिळावा, असं त्याचं म्हणणं. रोझिनेला मनातून वाटे की वाचलेला वेळ माणसं देवाला देणार नाहीत, सफरचंदाची आंबट दारू ढोसायला देतील. पण ते ती बोलत नसे.

सगळं अडत होतं हातच्यापाशी. नवात एक मिळवला की चाकाने शून्यावर यायचं आणि शेजारच्या चाकाला एक हातचा द्यायचा. तो देण्यासाठी प्रत्येक चाकाला एक पितळी बोट, आणि ते बोट शेजारच्या चाकाच्या खाचेत बसायचं. एखाद-दुसरा हातचा कसाही जातो. पण सगळ्या खिडक्यांत नऊ उभे असले आणि त्यांत एक मिळवला, की पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असं पार शेवटपर्यंत ढकलावं लागतं. चर्चच्या बाकावर उशिरा आलेल्याला जागा करून देताना होतं तसंच. सगळ्यांनी थोडं थोडं सरकायचं, आणि मध्ये एक जण जरी ठोंब्यासारखा बसून राहिला की पुढची रांग हलत नाही.

आणि ही बोटं लेओनहार्ट स्वतः घासत असे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

मागच्या हिवाळ्यात सुरुवात झाली. आधी मेणबत्त्या वाईट निघाल्या. मग चुलीच्या धुरावर आळ आला. मग चष्मा करणारा लबाड ठरला. त्यानंतर लेओनहार्टने कुणाला दोष देणं बंद केलं, आणि रोझिनेला खरं काय ते कळलं ते तेव्हा. तिने घरातली एकही खुर्ची जागची हलवायची नाही असं ठरवलं. दळणाची पोती दारातून आत घेतली. चर्चमध्ये काही अडत नव्हतं. तिथलं सगळं त्याला पाठच होतं.

गावाने तर काहीच ठरवलं नव्हतं. पण पानगळीच्या दिवसांत माणसं त्याला रस्त्यात भेटली की नमस्काराआधी आपलं नाव सांगू लागली. मी मेल्खिओर, पाद्रीबुवा. मी वरच्या गिरणीतली सून. तो त्यांना नावाने आशीर्वाद देई आणि दोघं आपापल्या वाटेला लागत. लहान पोरं तर ओरडूनच नाव सांगत, जणू तो नवा खेळ होता. यावर कुणी कधी अक्षर काढलं नाही. ज्या गावात कुणाच्या घरी किती अंडी झाली याची चर्चा संध्याकाळपर्यंत पुरते, त्या गावात या एका बाबतीत सगळे मूग गिळून बसले होते.

रोझिनेचा बाप एस्लिंगेन शहरातला घड्याळजी. मुलींनी शिवण करावं असा घरचा आग्रह होता, आणि शिवणाचा तिला कंटाळा होता, म्हणून ती बापाशेजारी बसून कानस धरायला शिकली होती. कामाच्या खोलीत धूळ पुसताना एक दिवस तिने तयार बोटांच्या ताटलीतून एक उचललं आणि सवयीने अंगठ्याखाली फिरवून पाहिलं. जाड होतं. दुसरंही जाड. बारा वर्षांच्या शिकाऊ पोराने असं काम केलं असतं तर तिच्या बापाने त्याला घरी पाठवलं असतं. तिने ती बोटं परत ठेवली आणि खाली उतरून मसूर निवडायला बसली. डोळ्यांपुढचे मसूर तिला दिसेनात, ते मात्र वेगळ्या कारणाने.

जोडणी झाल्यावर यंत्र अडणार. का अडलं ते तो शोधणार, आणि शोधताना त्याला दुसरंच काहीतरी सापडणार. निदान यंत्र पुरं होईपर्यंत तरी ते सापडू नये, एवढंच तिला हवं होतं. तो खोलीतून उठे दोनदाच. बुधवारी पोरांना धर्मपाठ शिकवायला, आणि तेव्हा तिला आजाऱ्यांकडे सूप पोचवायचं असे. आणि रविवारी दुपारी, गावच्या प्रार्थनेला. म्हणून रोझिनेचं डोकं रविवारी दुखू लागलं. खाली घोंगडी अंथरून, खिडकी लावून तिने एकेक बोट कानशीने घासून उतरवलं. देवाची माफी तिने आधी मागितली, नंतरही मागितली, मध्ये मात्र मागितली नाही, कारण मध्ये लक्ष ठेवावं लागतं. गेल्या रविवारी पितळेच्या धुळीने खोकला आला आणि तिने खिडकी बोटभर उघडली. तेवढी पुरली.

गुरुवारी लेओनहार्टने जोडलेलं यंत्र टेबलावर मांडलं, धाकट्या भावाला, कास्परला, बोलावलं आणि सगळ्या खिडक्यांत नऊ आणायला सांगितलं. मूठ त्याने स्वतः धरली. "तू वाच," तो म्हणाला, "माझे हात गुंतलेत." मूठ फिरली. चाकं एकामागून एक टिकटिकली, आणि मध्येच गप्प झाली. तो आवाज तिघांनीही ऐकला. कास्परने वाचलं: अर्ध्या खिडक्यांत शून्य आणि अर्ध्यांत तसेच नऊ. लेओनहार्टने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. जेवणाची वेळ टळून गेली तरी तो फिरवत होता आणि कास्पर वाचत होता, आणि कास्परचा आवाज बारीक बारीक होत गेला होता.

शेवटी त्याने मूठ सोडली.

"बोटं मी स्वतः घासलीत," तो म्हणाला. "मापाला लावून. तेव्हा चूक बोटांत नाही. चूक विचारातच आहे. पहिल्यापासून."

रोझिने दाराशी उभी होती. तिला वाटलं, आपणच जास्त घासलं. आपणच बिघडवलं.

शनिवारी ती भट्टीघरातून परतली तर लेओनहार्ट तिची वाटच बघत होता. चर्चची घंटा तडकली होती, ती नव्याने ओतायला मंगळवारी ओतारी येणार होता. गाव जुनी भांडी, कड्या, मेणबत्तीदाण्या देत होतं. लेओनहार्टने यंत्र पेटीत घालून कामाच्या खोलीला कुलूप लावलं होतं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती. घरात सगळ्यांत जास्त पितळ त्याच पेटीत होतं.

रोझिने म्हणाली, घंटेला पितळ चालत नाही, आवाज बसतो. तो म्हणाला, थोडं चालतं, ओताऱ्याला विचारलंय. मग ती म्हणाली, एवढी घाई कशाला, वसंतापर्यंत थांबा. तर तो म्हणाला की तो स्वतः ठरवणार नाही, देवाला विचारेल, आणि त्याने शेल्फावरची लाकडी डबी खाली काढली.

त्या डबीत बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या असतात. तशी ती गावात घरोघर असते. पोरीचं लग्न ठरवायचं असो की गाय विकायची असो, प्रार्थना करून एक चिठ्ठी ओढतात. लेओनहार्टने डोळे मिटले, बराच वेळ ओठ हलवले, चिठ्ठी ओढली आणि रोझिनेपुढे धरली.

"वाच. चष्मा वर राहिला."

चष्मा त्याच्या नाकावर होता.

रोझिनेने चिठ्ठी उलगडली. कुंभाराच्या हातात बिघडलेल्या मडक्याचं वचन होतं, ते मोडून त्याने त्याच मातीचं दुसरं केलं ते. तिच्या मनात आलं, दुसरं काहीतरी वाचावं. 'धीर धर' असं वाचावं. अशा शंभर चिठ्ठ्या त्या डबीत आहेत, त्यांतलं एखादं तिला सहज सांगता आलं असतं आणि तो पडताळून बघणार नव्हता. बघू शकणारच नव्हता. तिने तोंडही उघडलं. रविवारी कानस चालवणं तिला जमलं होतं, पण देवाच्या तोंडी आपले शब्द घालणं काही जमेना. तिने लिहिलं होतं ते वाचलं.

लेओनहार्टने मान डोलावली. त्याने चिठ्ठी परत घेतली, हाताने चाचपून डबीत टाकली, आणि विचारलं की आज पाव कसे झालेत.

रविवारी चर्चमधून परतताना तिने कास्परला गोठ्यात गाठलं. कास्पर तिच्याहून बराच लहान. ती लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्या झग्याआड लपायचा, आणि अजूनही संकट आलं की तीच जागा शोधत असल्यासारखा दिसायचा. तिने त्याला सरळ सांगून टाकलं. कानस मी चालवली. बोटं मी उतरवली. यंत्र मी बिघडवलं, आणि तो मात्र स्वतःचं डोकं बिघडलं समजतोय.

कास्पर गवताच्या ढिगावर बसला तो बसलाच.

"वहिनी, किती उतरवली?"

"खाचेत बसतील एवढीच. बापाच्या हातची शिकलेय मी, मूर्ख नाहीये."

"पण खाचा," तो म्हणाला, आणि थांबला. "खाचा मी वाढवल्या."

बोटं जाड आहेत हे त्यालाही कळलं होतं. दादाच्या बोटांना हात लावायची छाती नव्हती, म्हणून त्याने चाकं आपल्या पडवीत नेऊन, घासायचं निमित्त करून, प्रत्येक खाच रुंद केली होती. जाड बोट मावेल एवढी. कुणाला म्हणून सांगितलं नाही. वहिनीला तर नाहीच, तिला वाईट वाटेल म्हणून.



"म्हणजे मी माणसाला उपाशी ठेवलं," रोझिने म्हणाली, "आणि तू त्याचा कोट सैल केलास."

कास्परला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला त्याने गाईच्या पाठीवर हात फिरवायला घेतला. मग म्हणाला, नवी बोटं करायला एक दिवस पुरे. पितळ माझ्याकडे आहे. दादाने नुसती किल्ली द्यावी. रोझिनेने विचारलं, आणि काय सांगून मागणार किल्ली? दोघांनी मिळून बऱ्याच सबबी काढून पाहिल्या. प्रत्येक सबब दोन पावलं चालून त्याच दाराशी येऊन थांबत होती.

सोमवारी सकाळी पंचायत पाद्र्याच्या घरातल्या खालच्या खोलीत बसली. मुखिया बॉक आला, टोपी काढली आणि म्हणाला, मी बॉक. मेल्खिओर आला आणि म्हणाला, मी मेल्खिओर, पाद्रीबुवा. कास्परनेही, स्वतःच्या घरात, दारात उभं राहून नाव सांगितलं. रोझिनेने सांगितलं नाही. तिची पावलं त्याला पाठ होती.

मुखियाला हे प्रकरण मुळीच नको होतं. त्याने सुरुवातीलाच सुचवलं की उंदीर असतील. मेल्खिओरने विचारलं, कानस चालवणारे? मुखिया म्हणाला, शिळा पाव कापतानाही असाच आवाज येतो, आमच्या घरी तर रोज येतो. लेओनहार्टने हात वर केला. त्याचा चेहरा दोन रात्री न झोपलेल्या माणसाचा होता, पण आवाज पंचायतीचा होता.

"रोझिने हुमेल," तो म्हणाला, "कालच्या आधीच्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी या घरात कानस चालली का?"

"चालली."

"कुणी चालवली?"

"मी चालवली."

मेल्खिओरनेच मान खाली घातली. जिंकल्याचा त्याला काही आनंद झालेला दिसला नाही.

"कशासाठी, ते पंचायतीला सांगा." तो तिला तुम्ही म्हणत होता. लग्नाच्या बोलण्यांनंतर पहिल्यांदाच.

रोझिनेला वाटलं, सांगावं की कडी घासत होते, कात्री घासत होते. दंड होईल, संपेल. उद्या ओतारी येईल, पेटी नेईल, आणि हा उरलेला जन्म खुर्चीत बसून स्वतःच्या चुकलेल्या विचाराला कुरतडत राहील. तिने त्याच्या कोटाकडे पाहिलं. आतल्या खिशात किल्लीचा उंचवटा दिसत होता.

"हातच्याची बोटं," ती म्हणाली. "जाड होती. मी उतरवली."

मग कास्पर उठला, आणि न विचारता खाचांचं सांगून बसला. फार भराभर सांगितलं. मुखियाला काही कळलं नाही. मेल्खिओरला कळलं. मागात धोटा सैल झाला की काय होतं ते त्याला ठाऊक होतं.

"दोघांनी," लेओनहार्ट हळूच म्हणाला. तो मनात चाकं फिरवत होता, हे रोझिनेला त्याच्या अंगठ्यावरून समजत होतं. "बोट बारीक, खाच रुंद. म्हणजे बोट घसरणार. चौथ्या-पाचव्या चाकाशीच घसरणार. म्हणजे विचार... रोझिने, विचार बरोबर होता."

त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की तिला तो एस्लिंगेनला बापाच्या दुकानात पहिल्यांदा आला होता तो दिवस आठवला. इथेच सगळं थांबावं, असं तिला वाटलं. पंचायतीने उठावं, दंड घ्यावा, हवा तेवढा घ्यावा. मुखियालाही तेच वाटलं असावं, कारण त्याने घाईघाईने टोपी उचलली.

पण लेओनहार्ट हातचा मध्येच सोडून देणाऱ्यांतला नव्हता.

"मग बोटं जाड कशी झाली?" त्याने विचारलं.

कास्पर बुटांकडे बघू लागला. मुखियाने टोपीचा काठ फिरवला. मेल्खिओर खाकरला आणि म्हणाला, की आपण तक्रार मागे घेतो. बायकोला हल्ली ऐकायला कमी येतं. शेळीच असेल.

"मी मापाला लावून घासली होती," लेओनहार्ट म्हणाला. "प्रत्येक." त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मग तो रोझिनेकडे वळला, म्हणजे ती जिथे उभी असेल असं त्याला वाटलं तिकडे, आणि ती एक पाऊल अलीकडे होती. आता त्याने तिला पुन्हा नेहमीसारखं विचारलं. "तू सांग. हे लोक माझ्याशी बोलताना आपापली नावं का सांगतात?"

खोलीतली तिन्ही माणसं दाराकडे बघत होती. रोझिने टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली. त्याचा थंडगार हात तिने आपल्या हातांत घेतला. त्याच्या अंगठ्याच्या टोकाला पितळेचा जुना कीस रुतलेला होता.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही."